काडेपेटीच्या राजाचा ताळेबंद

आकडे खोटे बोलत नाहीत, असा सर्वसामान्य माणसाचा दृढ समज असतो. वर्गात बेरीज-वजाबाकी शिकविणाऱ्या शिक्षकाचा तो असतो, कचेरीत खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाचाही असतो. एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला आणि त्यातील ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पैपैशाने जुळलेल्या दिसल्या, की त्याला वाटते, येथे काही शंका घेण्याजोगे उरलेले नाही. वस्तुतः ताळेबंद जुळणे आणि ताळेबंद खरा असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा भेद विसाव्या शतकातील जगाला ज्याच्यामुळे फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला, तो पुरुष म्हणजे स्वीडनचा इव्हार क्रूगर. काडेपेटीचा राजा म्हणून तो ओळखला जाई. पण त्याचे खरे साम्राज्य काड्यांपेक्षाही विश्वासावर उभे होते आणि विश्वासाचे मोल ताळेबंदात कसे मांडावे, याचा निर्णय त्याने केवळ स्वतःच्या हाती ठेवला होता.

क्रूगरचा जन्म २ मार्च १८८० रोजी स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरील काल्मार या गावी झाला. वडिलांचे काडेपेट्यांचे लहान कारखाने होते. स्वीडनला हा धंदा नवा नव्हता. पेटीच्या कडेवर घासल्याखेरीज न पेटणारी निर्धोक काडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास याच देशातील कारखान्यांनी लोकप्रिय केली आणि जगभर पोचविली. मुलाचा ओढा मात्र प्रथम घरच्या धंद्याकडे नव्हता. स्टॉकहोमच्या तंत्रविद्या संस्थेतून वयाच्या विसाव्या वर्षी अभियंता होऊन तो बाहेर पडला आणि लवकरच परदेशी गेला. अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करीत त्याने न्यूयॉर्कमधील गगनचुंबी इमारतींच्या बांधकामावर अनुभव घेतला. लोखंडी सळ्या घालून काँक्रीट मजबूत करण्याची नवी पद्धत त्याने तेथे शिकून घेतली आणि १९०७ च्या सुमारास तो स्वदेशी परतला.

१९०८ साली पाउल टोल या अभियंत्याच्या भागीदारीत त्याने क्रूगर अँड टोल ही बांधकामाची पेढी काढली. ठरल्या मुदतीत काम पुरे करण्याची हमी देणारी पेढी म्हणून तिचा लौकिक झाला. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी स्टॉकहोमला जे क्रीडांगण उभे राहिले, ते या पेढीनेच बांधले. बांधकामाचा हिशेब तसा सोपा असतो. सिमेंट किती लागले, मजुरी किती गेली, मालकाने पैसे किती दिले, हे कागदावर येते आणि काम पुरे झाले की नफा-तोटा इमारतीसारखाच डोळ्यांपुढे उभा राहतो. क्रूगरच्या आयुष्यातील हा काळ सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि बहुधा सर्वांत निरोगी होता.

पुढे तो वडिलोपार्जित धंद्याकडे वळला. १९१३ साली त्याने अनेक लहान कारखाने एका छत्राखाली आणले. १९१७ साली देशातील प्रबळ प्रतिस्पर्धी संघही त्यात विलीन झाला आणि स्वीडिश मॅच कंपनी जन्मास आली. पहिल्या महायुद्धाने युरोपातील राष्ट्रे कर्जबाजारी झाली होती. उलट अमेरिकेत पैसा मुबलक होता, परंतु तो युरोपात कोणाच्या भरवशावर गुंतवावा हे अमेरिकन माणसाला कळत नव्हते. या दोन गरजांमध्ये आपल्यासाठी जागा आहे, हे क्रूगरने ओळखले. १९२३ साली त्याने बॉस्टनच्या ली हिगिन्सन या प्रतिष्ठित पेढीच्या साह्याने अमेरिकेत इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन स्थापन केले. तिचे भाग व कर्जरोखे विकून पुढील काही वर्षांत सुमारे १५ कोटी डॉलर उभे राहिले.

हा पैसा गरजू सरकारांना कर्जाऊ द्यायचा आणि मोबदल्यात त्या देशात काडेपेट्या बनविण्याचा किंवा विकण्याचा मक्ता मिळवायचा, अशी त्याची योजना होती. १९२५ साली पोलंडपासून तिला आरंभ झाला. १९२७ साली फ्रान्सला ७.५ कोटी डॉलर मिळाले. १९२९ साली जर्मनीशी १२.५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्यातून निर्माण झालेली जर्मनीतील काडेपेटीची मक्तेदारी त्याच्या मृत्यूनंतरही टिकून राहिली आणि १९८३ सालीच संपली. डझनाहून अधिक देशांची सरकारे या मार्गाने त्याची ऋणको झाली. जगातील काडेपेट्यांच्या उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या ताब्यात असल्याचे मानले जाई.

या साम्राज्याचे एक टोक महाराष्ट्रातही येऊन पोचले होते. १९२२ साली हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी काडेपेट्यांवरील जकात वाढली, तेव्हा स्वीडिश कंपनीने जकातीच्या भिंतीवर डोके आपटण्याऐवजी भिंतीच्या आतच घर बांधले. १९२३ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे विमको या नावाने ती घराघरांतील चुलीपर्यंत पोचली. या परकीय संघाच्या स्पर्धेविषयी देशी कारखानदारांनी केलेल्या तक्रारी त्या काळी टॅरिफ बोर्डापुढेही गेल्या होत्या. अंबरनाथच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला किंवा पैशाला पेटी घेणाऱ्या गृहिणीला त्या पेटीचा नफा कोणत्या देशातील कोणत्या वहीत जमा होतो, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ते न्यूयॉर्कच्या भागधारकालाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी होती.

अनेक देशांत पसरलेल्या कंपनीचा हिशेब हा केवळ बेरजेचा प्रश्न राहत नाही. गणिताची उत्तरपत्रिका तपासणे आणि निबंधाची उत्तरपत्रिका तपासणे यांत जे अंतर आहे, तेच येथे असते. गणितात उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. निबंधाला गुण देताना तपासणाराची समज, त्याची कसोटी आणि त्याचा प्रामाणिकपणा यांना स्थान मिळते. कंपनीच्या तिजोरीतील रोकड मोजणे हे गणित आहे. पण एखाद्या देशात पन्नास वर्षांसाठी मिळालेल्या मक्त्याची आज किंमत काय धरावी? दूरच्या सरकारने घेतलेले कर्ज वसूल होईल असे मानावे की नाही? त्या सरकारचे रोखे दर्शनी किमतीने मांडावेत की बाजारभावाने? जिच्यावर आपली हुकमत चालते, पण जिचे भाग दुसऱ्याच्या नावावर आहेत, ती कंपनी आपली मानावी की परकी? या प्रश्नांची उत्तरे बेरजेने मिळत नाहीत. ती कोणाला तरी विवेकाने ठरवावी लागतात. त्यात गैर काही नाही. किंबहुना अशा निर्णयांवाचून मोठ्या धंद्याचा ताळेबंद लिहिताच येणार नाही. प्रश्न एवढाच उरतो, की हा निर्णय कोणी, कोणत्या आधारावर घेतला, हे दुसऱ्या कोणाला पाहता येते काय?

क्रूगरच्या कारभारात ते कोणालाही पाहता येत नव्हते. त्याने अनेक देशांत मिळून शेकडो कंपन्या विणल्या होत्या. १९२५ साली हॉलंडमध्ये गारांटा नावाची एक कंपनी निघाली. पोलंडशी झालेल्या गुप्त कराराचे कारण सांगून अमेरिकेतून आलेला पैसा तिच्या नावे वळता केला गेला आणि त्यावरील भरघोस व्याज नफा म्हणून दाखविले गेले. लिश्टेनश्टाइन या चिमुकल्या राज्यातही त्याने अशीच एक कंपनी ठेवली होती. एका कंपनीची देणी दुसरीच्या वहीत जात आणि तिसरीच्या वहीत ती येणी होऊन उगवत. सर्व कंपन्यांचा मिळून एकच ताळेबंद मांडण्याची सक्ती त्या काळी नव्हती. न्यूयॉर्कमधील हिशेब तपासनिसांपुढे अमेरिकन कंपनीची पुस्तके येत. युरोपातील उपकंपन्यांचे आकडे मात्र क्रूगरच्या कचेरीतून तयार होऊन येत आणि ते तसेच स्वीकारले जात. सरकारांशी चाललेल्या वाटाघाटी गुप्त राखल्या नाहीत तर धंदा बुडेल, हे त्याचे उत्तर ठरलेले होते आणि ते ऐकणाराला पटतही असे.

लोकांना ते पटण्याचे कारण लाभांशात होते. क्रूगर अँड टोल शेकडा २५ ते ३० असा लाभांश वाटत असे. कर्जरोखे लहान रकमांत मिळत, त्यामुळे मध्यम स्थितीतील माणसाची शिल्लकही तिकडे वळली. हा लाभांश धंद्यातील कमाईतून येतो, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून दिला जात होता. आधी लाभांश ठरे, मग त्याला पुरेल एवढा नफा ठरे आणि शेवटी तो नफा कोठून आला याच्या नोंदी तयार होत. हिशेब हा धंद्याचा आरसा असावा अशी अपेक्षा असते. येथे आरशातील प्रतिमा आधी रंगविली जाई आणि धंद्याने तिच्यासारखे दिसावे असा आग्रह असे.

तथापि क्रूगरला केवळ भामटा म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याचे कारखाने खरे होते, त्यांतून निघणाऱ्या काड्या खऱ्या होत्या. फ्रान्सला दिलेले कर्ज खरे होते आणि फ्रान्सने ते मुदतीपूर्वी फेडलेही. एरिक्सन ही दूरध्वनीची कंपनी, बूलिडेन येथील सोन्याची खाण अशा भक्कम उद्योगांवर त्याने ताबा मिळविला होता. खऱ्या मालमत्तेच्या शेजारी कल्पित मालमत्ता मांडली होती, म्हणूनच ती ओळखणे कठीण गेले. सबंध खोटा ताळेबंद लवकर उघडा पडतो. तीन चतुर्थांश खरा आणि एक चतुर्थांश मनाचा, असा ताळेबंद वर्षानुवर्षे तग धरतो.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. टाइम या अमेरिकन साप्ताहिकाच्या त्याच सुमाराच्या, २८ ऑक्टोबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर क्रूगरचे चित्र झळकले होते. जग मंदीत बुडत असताना हा एकच पुरुष सरकारांना कर्जे देतो आहे, या दृश्याने त्याचा दबदबा उलट वाढला. पण नवा पैसा येण्याचे थांबल्यावर जुन्या वचनांचा भार पेलणे अशक्य होते. कर्जरोख्यांना तारण म्हणून ठेवलेले चांगले सरकारी रोखे काढून घेऊन त्यांच्या जागी हलके रोखे ठेवण्याची सवलत करारातच होती. तिचा त्याने उपयोग केला. अक्षरशः पाहता तो नियमभंग नव्हता. ज्यांनी तारणाच्या भरवशावर पैसे दिले होते, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र सरकली.

त्याच काळात त्याने ती मर्यादाही ओलांडली. इटलीच्या सरकारशी काडेपेटीच्या मक्त्याविषयी त्याची बोलणी झाली होती. ती फिसकटली. तरीही इटलीच्या नावाचे सरकारी रोखे त्याने स्टॉकहोममध्ये गुपचूप छापून घेतले आणि त्यांवर इटालियन अधिकाऱ्यांच्या बनावट सह्या झाल्या. या कागदांची दर्शनी किंमत सुमारे १४ कोटी डॉलर होती. मूल्यांकनातील औदार्यापासून निघालेली वाट शेवटी उघड बनावटीपर्यंत येऊन ठेपली. या वाटेवर कोठेही पाटी लावलेली नसते. आशेने वाढविलेला आकडा कोणत्या दिवशी खोटा झाला, हे तो लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उलगडा झाला तो एका साध्या तपासणीमुळे. १९३१ साली क्रूगरने एरिक्सन कंपनीचे भाग अमेरिकेच्या आयटीटी या दूरध्वनी कंपनीला १.१ कोटी डॉलरला विकले. खरेदीदाराने प्राइस वॉटरहाऊस या पेढीकडून पुस्तके तपासून घेतली. रोकड म्हणून दाखविलेली मोठी रक्कम ही रोकड नसून क्रूगरच्याच इतर कंपन्यांकडील येणे आहे, असे तेव्हा निष्पन्न झाले. १९३२ च्या फेब्रुवारीत आयटीटीने व्यवहार मोडून पैसे परत मागितले. त्याच वेळी स्वीडनमधील बँकांनीही त्याच्या एकूण स्थितीची माहिती मागण्यास सुरुवात केली. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये बँकर त्याची वाट पाहत बसले असता तो आपल्या निवासस्थानी गोळी लागून मृतावस्थेत आढळला. पोलिसांनी ती आत्महत्या ठरविली. त्याच्या भावाने मात्र पुढे खुनाचा संशय मांडला. प्रथम स्वीडनमध्ये शोककळा पसरली. काही आठवड्यांत तपासनिसांचे अहवाल येऊ लागले आणि शोकाची जागा संतापाने घेतली. मे महिन्यात क्रूगर अँड टोलचे दिवाळे जाहीर झाले. हजारो कुटुंबांची पुंजी गेली. स्वीडनचे पंतप्रधान कार्ल गुस्ताफ एकमन यांनी क्रूगरकडून पक्षासाठी देणगी घेतल्याचे उघडकीस आले आणि त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले.

प्राइस वॉटरहाऊसने सगळ्या साम्राज्याची पुस्तके पुन्हा तपासली. एवढा मोठा घोटाळा एवढी वर्षे कसा टिकला, याची त्यांनी जी मीमांसा केली ती आजही मननीय आहे. त्यांच्या मते त्याला चार गोष्टी कारण झाल्या. क्रूगरविषयी सर्वांना वाटणारा विश्वास, महत्त्वाचे व्यवहार गुप्तच राहिले पाहिजेत हा त्याचा मान्य झालेला दावा, त्याच्या हाती दिलेली अनियंत्रित सत्ता आणि हाताखालच्या माणसांची निमूट आज्ञाधारकता, ही ती कारणे होत. यांतील चौथे कारण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. क्रूगरने स्वतःच्या हाताने सर्व वह्या लिहिल्या नव्हत्या. पावती नसताना, पत्र नसताना, केवळ साहेबांनी सांगितले म्हणून रक्कम या खात्यातून त्या खात्यात टाकणारे लेखनिक तेथे होते. ते लबाड नसतील, पण आधाराचा कागद कोठे आहे असे त्यांच्यापैकी पुरेशा जणांनी विचारले नाही. वरच्या टोकाला संचालकांचीही तीच तऱ्हा होती. त्यांच्यापैकी एका अमेरिकन संचालकाने मंडळाच्या एकाही सभेला हजेरी लावली नव्हती, हे पुढे अमेरिकन सिनेटच्या चौकशीत उघड झाले.

या पतनानंतर कायदा जागा झाला. अमेरिकेत १९३३ साली रोखेविक्रीचा कायदा आणि १९३४ साली शेअरबाजाराच्या नियमनाचा कायदा झाला. जनतेकडून पैसा उभारणाऱ्या कंपनीचे हिशेब स्वतंत्र तपासनिसाने प्रमाणित केलेले असावेत, हे तत्त्व तेथे कायद्याचे झाले. त्यामागे १९२९ च्या कोसळण्याबरोबरच क्रूगर प्रकरणाचा धक्काही होता. पुढील दशकांत सर्व उपकंपन्या मिळून एकत्रित ताळेबंद मांडण्याची प्रथाही रूढ झाली. आज आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकांनुसार आणि त्यांच्याशी जुळवून घेतलेल्या भारतीय मानकांनुसार मोठ्या कंपनीला हिशेबाची महत्त्वाची धोरणे, तसेच ती लागू करताना घेतलेले महत्त्वाचे निर्णय व धरलेले अंदाज वार्षिक अहवालात सांगावे लागतात. भारतात ही मानके २०१६-१७ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाली. क्रूगरने जे आपल्या मनात ठेवले, ते कागदावर लिहा, एवढेच या नियमाचे सार आहे.

पण नियम लिहिला म्हणून रोग गेला असे होत नाही. गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेली एन्रॉन ही अमेरिकन कंपनी २००१ च्या डिसेंबरात कोसळली, तेव्हा कर्जे ताळेबंदाबाहेर ठेवण्यासाठी काढलेल्या निराळ्या संस्थांचे जाळे उघडकीस आले. दीर्घ मुदतीच्या करारांतून पुढे मिळू शकेल असा नफा तिने आजचा नफा म्हणून मांडला होता. २००९ च्या जानेवारीत हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील हजारो कोटी रुपयांची रोकड मुळात नव्हतीच, अशी कबुली दिली. गारांटाचे वंशज निर्वंश झालेले नाहीत.

हा विषय भांडवलदारांचा, आपला त्याच्याशी संबंध काय, असे शिक्षकाने किंवा कारकुनाने म्हणण्याचे दिवस मागे पडले आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या ठेवींचा काही अंश २०१५ पासून शेअरबाजारात जाऊ लागला. विमा, नवी निवृत्तिवेतन योजना आणि म्युच्युअल फंड यांच्या वाटेने पगारदार माणसाची शिल्लक बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ताळेबंदांत जाऊन बसली आहे. त्या ताळेबंदातील प्रत्येक आकडा तपासणे त्याला शक्य नाही. परंतु अहवालातील नफ्याचा आकडा वाचून पुस्तक मिटण्यापूर्वी मागच्या पानांवरील ते बारीक टाइपातले टिपण वाचणे शक्य आहे. कोणती गोष्ट मोजली, कोणती मानली आणि ती मानण्याला आधार काय, एवढे त्यातून शोधावे. जेथे आधार सांगितलेला नाही, तेथे लाभांश कितीही मोठा असो, सावध व्हावे. आणि ज्याच्या हाती वही आहे त्या लेखनिकाने, साहेब कितीही थोर असले तरी, नोंद करण्यापूर्वी आधाराचा कागद मागावा. स्टॉकहोमच्या कचेरीत तो वेळेवर मागितला गेला असता, तर हजारो घरांची पुंजी वाचली असती. कदाचित काल्मारच्या त्या बुद्धिमान अभियंत्याचे नावही त्याने बांधलेल्या इमारतींमुळेच स्मरणात राहिले असते.